तिसरी ओळ

चक्रीय चौकोनाचे समोरासमोरचे कोन मिळून एकशे ऐंशी अंश होतात. हे प्रमेय मी अकरा वर्षं शिकवलं आणि फळ्यावर एकदाही चुकलो नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण बोर्डाच्या दप्तरात माझ्याच सहीचा एक कागद आहे आणि त्यात याच्या बरोबर उलट लिहिलेलं आहे.

मी कल्याण. आता भिंगारच्या बाजारात वह्या-पुस्तकांचं दुकान चालवतो. १९९४-९५ साली पाथर्डी तालुक्यातल्या एका गावी, आबासाहेबांच्या हायस्कुलात गणिताचा मास्तर होतो. शाळा विनाअनुदानित. माझ्या मान्यतेची फाईल तीन वर्षं नगरच्या कचेरीत पडून होती आणि आबासाहेब मला दर महिन्याला ऐकवायचे, "सर, निकाल वर काढा, म्हंजी तुमची फाईलबी वर निघंल." संस्थेचा अध्यक्ष असं बोलला की मास्तरानं मान हलवायची असते. मीही हलवत होतो.

त्या वर्षी दहावीला चौऱ्याऐंशी मुलं होती. त्यांतल्या त्र्याऐंशींना भूमिती म्हणजे पाठ करायची आरती वाटायची. उरली ती प्रज्ञा. तिचा बाप भीमराज हा गवंडी, पंचक्रोशीतल्या विहिरी बांधायचा. पोरीनं पहिलीपासून एक दिवस शाळा चुकवली नव्हती. पंधरा ऑगस्टला शंभर टक्के हजेरीचं प्रशस्तिपत्र मिळतं, तशी नऊ प्रशस्तिपत्रं भीमराजनं फ्रेम करून घरात बुद्धाच्या तसबिरीखाली ओळीनं लावली होती. दहाव्यासाठी त्यानं खिळाही ठोकून ठेवला होता. गवंड्याचा खिळा, म्हणजे अगदी रेषेत.

नोव्हेंबरात मी ते प्रमेय शिकवलं. पुस्तकातली सिद्धता कंसांच्या मापांवरून जाते आणि कंसाचं माप केंद्रावरून येतं. मी फळा पुसायला वळलो, तर प्रज्ञानं हात वर केला.

"सर, मधला बिंदू न घेता करता यील का?"

"का गं? मधल्या बिंदूनं तुझं काय घोडं मारलं?"

वर्ग हसला. ती हसली नाही. "बांधायच्या इहिरीत मधी खुटी ठोकता येत न्हाई, सर. मधी भोक असतं. आमचे दादा समदी मापं कडंवरूनच घेत्यात."

दादा म्हणजे तिचा बाप. रविवारी ती त्याचं जेवण घेऊन कामावर जायची, तिथं तिनं हे पाहिलं होतं. मी खडू तिच्या हातात दिला. तिनं वर्तुळात चौकोन काढला, एबीसीडी, आणि त्याचे दोन्ही कर्ण ओढले. कर्णामुळे ए जवळच्या कोनाचे दोन तुकडे झाले. एकाच कंसावर उभे असलेले कोन सारखे असतात, म्हणून तेवढाच एक तुकडा तिनं बी जवळ दाखवला आणि दुसरा डी जवळ. "आता बगा, ए चे दोन्ही तुकडे आन सी चा आख्खा कोन ह्या एकाच त्रिकोनात आले. त्रिकोनाचे एकशे ऐंशी. झालं."

झालं! केंद्राचं नाव नाही, कंसाच्या मापाचा उल्लेख नाही. ही सिद्धता जगात कुणाला माहीत नव्हती असं नाही, पण आमच्या पुस्तकात नव्हती, गाईडात नव्हती आणि खरं सांगतो, त्या दिवसापर्यंत माझ्याही डोक्यात नव्हती. मला इतका आनंद झाला की मी तिला म्हणालो, "बोर्डात हीच लिही. मार्क कापले तर मी पुण्याला जाऊन भांडेन." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला!

मार्चमध्ये परीक्षा आली. ज्या विषयाचा पेपर, त्या विषयाच्या मास्तरानं केंद्राच्या आवारात असायचं नाही, असा नियम. आमच्या हेडमास्तरांनी, राधाकृष्ण सरांनी, या नियमातून आपली वाट काढली. भूमितीच्या दिवशी सकाळी नऊलाच मला खेळाच्या सामानाच्या खोलीत बसवलं आणि बाहेरून कुलूप लावलं. "कुणी विचारलं तर तुम्ही गावाला गेलात," ते दाराआडून म्हणाले.

नाही म्हणता आलं असतं. मी म्हणालो नाही. फाईल डोळ्यांपुढे होती. वर मनाची समजूत अशी, की सगळ्याच केंद्रांवर हे चालतं, मी एकट्यानं सोवळं नेसून काय होणार. आजही त्या समजुतीची मला लाज वाटते.

वर तापलेला पत्रा, आत लेझीम, डंबेल्स, फाटकी गादी आणि भिंतीत वहीएवढी एक खिडकी. पेपर सुरू झाल्यावर दहा मिनिटांत शिपाई रंभाजीनं प्रश्नपत्रिका त्या खिडकीतून आत सरकवली. पातळ कागद आणि कार्बन माझ्याजवळ आधीच होते. पहिलंच मोठं प्रमेय, चक्रीय चौकोन. कंपास नव्हता, म्हणून पाण्याचा पेला पालथा घालून त्याच्या काठावरून वर्तुळ काढलं आणि लिहायला लागलो. पहिल्या ओळीत, चौकोन चक्रीय आहे. दुसरीत, कोन ए हा कंस बीसीडीच्या निम्मा. तिसरी ओळ सुरू केली तेवढ्यात मैदानातून कुणीतरी ओरडलं, "जीप आली रं!"

मी खिडकीकडे मान वळवली. ती दुधाची जीप निघाली, भरारी पथकाची नव्हती. पण हात थांबलेला नव्हता. कोन सी हा कंस बीएडीच्या निम्मा, असं लिहायचं ते मी लिहिलं, कोन सी हा कंस बीसीडीच्या निम्मा. कोन ज्या कंसाकडे तोंड करून असतो त्याच्या निम्मा असतो, ज्या कंसावर स्वतः बसलेला असतो त्याच्या नव्हे. सातवी-आठवीचं पोर करील अशी चूक. चौथ्या ओळीत मात्र सवयीनं लिहून टाकलं, दोन्ही कंस मिळून पूर्ण वर्तुळ, म्हणून बेरीज एकशे ऐंशी. न वाचता कागद रंभाजीकडे दिले. चोरी करणारा आपला माल कुठं तपासून बघतो?

अर्ध्या तासानं दाराखालच्या फटीतून एक चिठ्ठी आत आली. वहीच्या कोपऱ्याचा तुकडा. "सर, तिसरी ओळ चुकली. बीसीडी नाही, बीएडी पाहिजे." सही नव्हती. सहीची गरजही नव्हती, ते अक्षर मी रोज तपासत होतो. बाकावरून बाकावर जाणारा माझा कागद तिच्यापुढून गेला असणार. तिनं त्यातलं काही घेतलं नाही. फक्त मास्तरची चूक दुरुस्त करून पाठवली.

मी उठून दार ठोकलं. "रंभाजी! अरे, कागद परत आण!" बाहेरून त्याचा दबका आवाज आला, "सर, गप ऱ्हावा. खरीच जीप आली. किल्ली हेडसरांच्या खिशात हाय."

मग दीड तास मी त्या पत्र्याखाली बसून होतो. बुटांचे आवाज व्हरांड्यातून दारापर्यंत आले. कुणीतरी कुलूप हलवून पाहिलं. "हे काय आहे?" "खेळाचं सामान, साहेब." मी लेझमीशेजारी पडून श्वास धरला होता. चाळिशीच्या उंबरठ्यावरचा, बी.एस्सी. बी.एड. झालेला माणूस, आणि खेळाचं सामान! ओरडलो असतो तर सुटलो असतो आणि मेलोही असतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पलीकडच्या खोल्यांत माझी चूक कागदावर कागद ठेवून गिरवली जात होती आणि मला ती ऐकूही येत नव्हती.

जूनमध्ये आमच्या केंद्राचा निकाल राखून ठेवल्याचं पत्र आलं. त्र्याऐंशी उत्तरपत्रिकांत तिसऱ्या ओळीत एकच चूक, आणि वर्तुळही एकाच पेल्याच्या मापाचं. नगरला एका शाळेत चौकशी समिती बसणार होती.

आबासाहेबांनी मला घरी बोलावलं. राधाकृष्ण सर तिथं आधीच बसले होते. मुलांनी जबाब काय द्यायचा ते त्यांनी ठरवून टाकलं होतं. सरांनी वर्गात असंच शिकवलं, आम्ही तसंच पाठ केलं. वर्तुळाचं काय, तर वर्गात सगळे एकच पेला वापरतात.

"म्हणजे मी चुकीचं शिकवलं, असं?" मी विचारलं.

"सर, तुमीच लिवलं न्हवं?" आबासाहेब शांतपणे म्हणाले. "पोरांचं वरीस वाचतंय. त्यात ऊसतोडीवाल्यांची पोरं हायती. तुमची जरा लाज गेली तर काय, ती परत यील."

लाज अशी परत येते, हे मला नवीन होतं. पण मुलांचं वर्ष खरं होतं. तो कागद माझ्याच हातचा होता. मी हो म्हणालो.

नगरला जाणाऱ्या एस.टी.त बसलो तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी सीटवरच ताठ झालो. मी वर्गात चुकीचं शिकवलं असेल, तर प्रज्ञाकडे बरोबर कुठून आलं? आणि तेही पुस्तकाबाहेरचं? त्र्याऐंशी जण निर्दोष ठरले की बाहेरून मदत घेणारी एकटी तीच उरत होती. तिचा पेपर रद्द झाला असता. वर दोन वर्षं परीक्षेला बंदी.

शेजारी बसलेल्या राधाकृष्ण सरांना मी हे सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एकीचं जाईल, त्र्याऐंशींचं वाचेल. गणिताचे शिक्षक तुम्ही आहात, कल्याणराव."

खरं सांगावं, तर त्र्याऐंशी मुलं बुडत होती. खोटं सांगावं, तर प्रज्ञा. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही मीच खणलेली. तिची ती चिठ्ठी माझ्या पाकिटात होती. पण ती दाखवली, तर परीक्षेतून चिठ्ठी बाहेर पाठवली म्हणून तीच आधी अडकली असती. भिंगारचा नाका गेला, नगरचा स्टँड आला, तरी मला वाट सापडली नव्हती.

मुलांचे जबाब भराभर झाले. एकानंही शब्द चुकवला नाही. पाठांतर तर आम्ही चांगलं करून घेतोच. शेवटी प्रज्ञाला आणि मला एकदमच आत बोलावलं. भीमराज पांढरी टोपी हातात घेऊन दाराशी उभा राहिला. टेबलामागे तिघं होते. मधल्या बाई प्रौढ, गणिताच्याच असाव्यात. त्यांच्यापुढे प्रज्ञाची उत्तरपत्रिका होती.

"ही सिद्धता कुठून आणलीस?"

"माझीच हाय."

बाईंनी फळ्याकडे बोट दाखवलं. प्रज्ञानं खडू घेतला आणि हातानंच वर्तुळ काढलं. दोन कर्ण, दोन तुकडे, एक त्रिकोण. विहिरीतल्या खुंटीचंही सांगितलं. दोन मिनिटं लागली. बाईंचा चेहरा बघून मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात उजवीकडचे गृहस्थ म्हणाले, "ठीक. पण तुझ्या सरांनी वर्गात हे प्रमेय चुकीचं शिकवलं, तेव्हा तू काही बोलली नाहीस?"

प्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली. तिला जबाब कुणी पढवलाच नव्हता. आबासाहेब तिच्या वस्तीवर गेले नव्हते आणि माझी हिंमत झाली नव्हती.

"सरांनी चुकीचं कधीच शिकवलं न्हाई," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता, मला कुणी नावं ठेवतंय म्हणून.

मास्तराला आयुष्यात मिळावं असं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र मला तिथं मिळालं, आणि त्याच वाक्यानं त्र्याऐंशी मुलं आणि मी बुडायला निघालो.

"सर," बाई माझ्याकडे वळल्या, "त्र्याऐंशी मुलं एक सांगतात, ही दुसरं सांगते. दोन्ही खरं कसं असेल?"

असेल. एका गोष्टीनं असेल. ती मला त्या क्षणी दिसली. दिसली तेव्हाच नको वाटली, पण दुसरी नव्हती.

"हे शिकवलं त्या दिवशी ती गैरहजर होती," मी म्हणालो. "बावीस नोव्हेंबर, मंगळवार. बापाबरोबर विहिरीच्या कामावर गेली होती. माझी चूक तिनं ऐकलीच नाही. नंतर तिनं स्वतः मांडणी केली. माझ्या बाकीच्या शिकवण्यावरून ती तसं म्हणते आहे."

"न्हाई!" दारातून भीमराज बोलला. "सायेब, शाळंच्या दिसाला मी पोरीला कामावर कंदीच..."

"भीमराज, तुम्ही गप्प बसा," मी खेकसलो. त्या माणसावर आयुष्यात एकदाच खेकसलो. प्रज्ञानं तोंड उघडलं होतं. मी तिच्याकडे असं पाहिलं की ते तिनं तसंच मिटलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग भीमराजकडे. त्यांना सगळं कळलं असावं, असं मला आजही वाटतं. मग त्यांनी कोरा कागद पुढे केला. "वर्गात शिकवलंत तसं लिहून द्या. खाली सही. आणि त्या महिन्याचं हजेरीपत्रक चार दिवसांत पाठवा."

मी लिहायला बसलो. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसऱ्या ओळीवर हात अडला. घाईत चूक करणं वेगळं आणि शुद्धीवर असताना, तिघांच्या साक्षीनं, सुवाच्य अक्षरात चूक लिहिणं वेगळं. पेन पुढे जाईना. प्रज्ञा खुर्चीमागे उभी होती. बीसीडीचा डी लिहिला आणि मागून तिचा अगदी हळू आवाज आला, "सर, तिसरी ओळ."

"माहीत आहे," मी म्हणालो, आणि सही केली.

बाहेर स्टँडवर भीमराज माझ्याशी बोलला नाही. एस.टी. लागली तेव्हा प्रज्ञा पुढे आली. रडलेली नव्हती, नुसती रागावलेली होती.

"तुमच्या कागदात एक ओळ खोटी व्हती, सर," ती म्हणाली. "माझ्यात एकबी न्हवती. आज तुमी घातली."

मी सांगायचा प्रयत्न केला. तुझं वर्ष वाचलं, सगळ्यांचंच वाचलं, दुसरी वाट नव्हती. तिनं ऐकून घेतलं आणि गाडीत चढली. पुढचे दोन तास ती बापाशेजारी सरळ समोर बघत बसली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मी नोव्हेंबरचं हजेरीपत्रक काढलं. आमच्याकडे हजर म्हणजे एक तिरकी रेघ आणि गैरहजर म्हणजे फुली. प्रज्ञाच्या नावापुढे पहिल्यापासून शेवटपर्यंत तिरक्या रेघा होत्या. बावीस तारखेच्या चौकोनात मी आधीच्या रेघेवर दुसरी रेघ ओढली. त्याला एक सेकंदसुद्धा लागला नाही. शाई तीच होती, हात तोच होता, कुणाला कळायचं कारण नव्हतं.

निकाल लागला. त्र्याऐंशींचे त्या प्रमेयाचे मार्क गेले, तरी बहुतेक पास झाले. प्रज्ञाला भूमितीत पंचाहत्तरपैकी पंचाहत्तर मिळाले. समितीच्या अहवालात माझ्याबद्दल लिहिलं होतं, "विषयज्ञान अपुरे." त्याच वाक्याचा आधार घेऊन आबासाहेबांनी मला नारळ दिला. फाईल अखेर वर निघाली, ती बंद करण्यासाठी. याचं वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही.

गाव सोडायच्या आधी मी भीमराजच्या घरी गेलो. तारीख सोळा ऑगस्ट. त्यानं बसायला घोंगडी टाकली, प्रज्ञानं चहा आणून दिला आणि ती आत निघून गेली. मी वर पाहिलं. बुद्धाच्या तसबिरीखाली नऊ फ्रेमा होत्या आणि त्यांच्या पुढे, अगदी रेषेत, तो खिळा.

"गुनपत्रिका लावा की तिथं," मी त्यांच्याच बोलीत म्हणालो. "पंचाहत्तर मार्क हायती."

भीमराजनं मान हलवली. "मी बी तेच म्हनलो, सर. पोरगी नगं म्हनती. ती म्हनती, ती जागा हजेरीची हाय."